माळव्याची माती, खंभातची भरती

इंदूरहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटर लांब. आमच्या शहरात होडी दिसते ती तलावात, आणि भरती-ओहोटी हे शब्द कोकणातल्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकायचे. तरीही समुद्रकाठच्या चिखलाबद्दल इंदूरच्या माणसाला बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं, कारण आमचं गाव दोन समुद्रांच्या मधल्या जलविभाजकावर बसलं आहे.

रामबागेतल्या घराच्या पन्हाळीतून पडणारं पाणी नाल्याने कान्ह नदीत जातं, कान्ह क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, आणि यमुना गंगेला. म्हणजे आमच्या अंगणातली माती, वाटेत कुठे अडली नाही तर, सुंदरबनात पोचायची. पण महूच्या पुढे जानापावच्या डोंगरावर उभं राहिलं की गोष्ट बदलते. समुद्रसपाटीपासून ८५४ मीटर उंच असलेल्या या डोंगरावर चंबळ उगम पावते आणि उत्तरेला वळते. त्याच डोंगराच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस विंध्याच्या घळींतून निमाडात उतरतो आणि नर्मदेला मिळतो. हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब, एक बंगालच्या उपसागराला, एक अरबी समुद्राला.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. गंगा मोठा त्रिभुज प्रदेश तयार करते, नर्मदा आणि तापी करत नाहीत, त्यांच्या मुखाशी खाडी असते, हे वाक्य किती वह्यांत लिहून दिलं असेल याचा हिशेब नाही. एका वर्षी सातवीतल्या मुलीने विचारलं होतं, "बाई, मग नर्मदेचा गाळ जातो कुठे?" मी म्हटलं, समुद्रात. उत्तर चूक नव्हतं, पण अपुरं होतं, आणि अपुरं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. निवृत्त झाल्यावर त्या उत्तराच्या मागे जायचं मनात होतं. गेल्या वर्षी ते दोन टप्प्यांत जमलं. एकदा ऐन पावसाळ्यात, एकदा कार्तिकात.

ऑगस्टमधल्या एका सकाळी महूवरून जाम दरवाजाच्या रस्त्याला लागलो. हा दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधवून घेतला. माळव्याचं पठार इथे संपतं. दरवाज्याच्या सज्ज्यातून खाली पाहिलं की दीड-दोन हजार फूट खोल निमाड पसरलेलं दिसतं. त्या दिवशी मात्र ढग आमच्या पायांखाली होते आणि त्यातून फक्त पाण्याचा आवाज वर येत होता. वळणावळणाला रस्त्यावरून लाल-काळ्या पाण्याचे ओहोळ आडवे वाहत होते. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली तेव्हा मी एका ओहोळात हात घातला. वर काढला तेव्हा बोटांच्या रेषांत काळी माती बसली होती. साबणाशिवाय निघत नाही ती.

ही माती मूळची दगड आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण, म्हणजे सह्याद्रीतला, अजिंठ्यातला तोच बेसाल्ट, ऊन-पावसाने कुजून कापसाची काळी जमीन झाली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण मोठं, आणि तीही विशिष्ट जातीची: पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. वैशाखात माळव्याच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कडेची ढेकळं भुगा होऊन मोकळी पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस येतो तेव्हा हा सगळा भुगा सुटा असतो आणि त्याला धरून ठेवायला एक पात उगवलेली नसते. त्यामुळे मोसमातले पहिले पूर सर्वांत गढूळ. श्रावण संपेपर्यंत सोयाबीन गुडघ्याला लागतं, बांधांवर गवत चढतं, आणि तेवढ्याच पावसात तेवढी माती निघत नाही. पाण्याचा मोठा लोंढा भाद्रपदात येतो, पण मातीचं मोठं ओझं बऱ्याचदा आधीच निघून गेलेलं असतं. नर्मदेच्या खोऱ्यात वर्षाचं सुमारे नव्वद टक्के पाणी जून ते ऑक्टोबरमध्ये वाहतं, आणि गाळ तर त्याहूनही जास्त या काळाशी बांधलेला आहे. उरलेले सात-आठ महिने नदी माती हलवत नाही म्हटलं तरी चालेल.

मंडलेश्वरजवळ जलूद आहे. तिथून उचललेलं नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरची वाट चढून १९७८ साली इंदूरला आलं. ते यावं म्हणून १९७० मध्ये इंदूरकरांनी मोठं आंदोलन केलं होतं. आमच्या घरी पहिल्यांदा नर्मदेचं पाणी नळाला आलं तेव्हा सासूबाईंनी नळाला हळद-कुंकू वाहिलं होतं. म्हणजे आम्ही राहतो क्षिप्रेच्या पाणलोटात, पितो नर्मदा, आणि वापरलेलं पाणी सोडतो चंबळेकडे. दोन समुद्रांमधली ही अदलाबदल रोज चालू असते.

महेश्वरला पोचलो तेव्हा घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. किल्ल्याच्या भिंतीशी नदी फिरत होती, भोवरे करत, मधूनच एखादं झाड फिरवत. रंग चहाचा, दूध जरा जास्त झालेल्या. घाटावर नावा उलट्या करून बांधल्या होत्या. एक म्हातारा केवट छत्रीखाली बसला होता. "माताजी, आज माई सांभाळून," तो म्हणाला, आणि माझ्या हातातल्या बाटल्या पाहून स्वतःच उठला. दोन लिटरभर काचेच्या बाटल्या त्याने वाकून भरून दिल्या.

रात्री मुक्कामाच्या खोलीत त्या दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या. एकीला काही केलं नाही. दुसरीत दोन चमचे खडे-मीठ टाकून दोनदा वर-खाली केली. पाच-दहा मिनिटांतच मिठाच्या बाटलीत बदल दिसायला लागला. एकसारखं तपकिरी असलेलं पाणी नासलेल्या दुधासारखं फाटलं. त्यात बारीक बारीक पुंजके झाले, ते एकमेकांना धरून जाड होत गेले आणि बाटलीत बर्फ पडावं तसे सावकाश खाली बसू लागले. तासाभरात वरचं चार बोटं पाणी एवढं नितळ झालं की पलीकडचा बल्ब दिसला. दुसऱ्या बाटलीत तळाला वाळूची आणि पोयट्याची पातळ रेघ बसली होती, पण वरचं पाणी सकाळीही चहाच्याच रंगाचं होतं. इंदूरला घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशीही ते पुरतं निवळलं नव्हतं.

खाडीत जे घडतं ते एवढंच, फक्त बाटली मोठी. चिकणमातीचे कण इतके बारीक की त्यांचं वजन त्यांना खाली ओढायला पुरत नाही. शिवाय प्रत्येकावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. गोड्या पाण्यात ते असे सुटे सुटे शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. खारं पाणी भेटलं की त्यातले क्षार हा भार झाकून टाकतात, कण चिकटतात, पुंजके जड होतात आणि बसतात. जाम दरवाज्याच्या घळीतून सुटलेली काळी माती जिथे पहिल्यांदा मीठ चाखते, तिथे तिचा नदीतला प्रवास संपतो.

पण पावसाळ्यात ती जागा एका ठिकाणी राहत नाही. हा भाग मला पुढे भरूचला गेल्यावर नीट कळला.

निमाडातल्या या नदीच्या पुरांबद्दल मराठी वाचकाने एक नाव लक्षात ठेवायला हवं. पुणे विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक विश्वास काळे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदेच्या खडकाळ घळींत जाऊन जुन्या पुरांच्या खुणा शोधल्या. पूर घळीतून जातो तेव्हा मुख्य धार जोरात असते, पण कडेच्या कपारीत, उपनदीच्या तोंडाशी पाणी थबकतं आणि तिथे गाळाचा एक थर ठेवून जातं. पुढचा तेवढा मोठा पूर त्यावर दुसरा थर ठेवतो. हे थर म्हणजे नदीने स्वतः लिहिलेली वही. ती वाचून त्यांनी गेल्या कित्येक शतकांतल्या मोठ्या पुरांचा माग काढला. मोजलेल्या पुरांपैकी सर्वांत मोठा सप्टेंबर १९७० चा: गरुडेश्वरला त्या वेळी सेकंदाला सुमारे ६९ हजार घनमीटर पाणी वाहत होतं. अशा एका पुरात नदी काही दिवसांत जेवढा गाळ समुद्राकडे ढकलते तेवढा ती एरवी सबंध मोसमात ढकलत नसेल. किनाऱ्याचा विचार सरासरीने केला तर चुकतो, कारण किनारा सरासरीवर वाढत नाही, तो अशा आठवड्यांवर वाढतो.

कार्तिकी एकादशीनंतर दुसरा टप्पा. माझ्या मोठ्या नणंदेने, वन्संनी, ओंकारेश्वरहून गाडीने परिक्रमा उचलली होती. नदी उजव्या हाताला ठेवून त्या दक्षिण तटाने समुद्राकडे निघाल्या होत्या. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नाही, ती फक्त मुखाशी, समुद्रातून. मी परिक्रमेत नव्हते, म्हणून मला पूल चालत होते. मी धार, कुक्षी, अलीराजपूर, छोटा उदेपूर असा रस्ता धरला आणि वाटेत केवडियाला थांबले.

सरदार सरोवराची भिंत १२१० मीटर लांब. पूर्ण भरलं की पाण्याची पातळी १३८.६८ मीटर, आणि मागे पाणी २१४ किलोमीटरपर्यंत पसरतं, म्हणजे जवळपास महेश्वरपर्यंत. मला पाहायची होती ती भिंतीखालची नदी. महेश्वरला चहासारखं असलेलं पाणी इथे हिरवट, आरपार, दगड दिसतील असं होतं. कार्तिकात ते कुठेही स्वच्छच असणार, हे खरं. पण पावसाळ्यातही वीजघरातून खाली येणारं पाणी वरच्या लोंढ्याच्या मानाने फार हलकं असतं. वेगाने येणारी नदी जलाशयाच्या शेपटीशी पोचली की तिचा वेग तुटतो. आधी गोटे आणि वाळू खाली बसते, मग पोयटा, आणि सर्वांत बारीक चिकणमाती भिंतीपर्यंत येऊन बसते. वरच्या बाजूला बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर ही धरणं आहेतच. अभ्यासकांच्या मोजणीनुसार नर्मदेतून समुद्राकडे जाणारा गाळ धरणांपूर्वीच्या तुलनेत नव्वद टक्क्यांच्या आसपास घटला आहे. एकेकाळी तो वर्षाला काही कोटी टन असायचा.

या अडलेल्या गाळाचा मराठी मुलखाशीही संबंध आहे. जलाशयाच्या दक्षिण काठावर नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. मणिबेली त्यातलं पहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या जमिनीला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. सुपीक जमीन असते ती, माळव्या-निमाडाच्या शेतांची सायच. पण ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याला ही तात्पुरती साय बदल्यात मिळाली असं मानणं मला जमत नाही. डोंगरातल्या माणसाने नदीकाठ सोडला, आणि समुद्रकाठच्या माणसाकडे यायची माती त्याच्या बुडालेल्या शेतावर साचली. दोघांचं नुकसान एकाच भिंतीने जोडलं आहे, ही गोष्ट नर्मदेवर झालेल्या एवढ्या वादांत मी फार कमी वेळा ऐकली.

भरूचला संध्याकाळी पोचले. १८८१ साली खुला झालेला जुना लोखंडी पूल, ज्याला सगळे गोल्डन ब्रिज म्हणतात, त्याच्या खांबांवर पाण्याची पातळी फुटांत मोजतात. चोवीस फूट ही धोक्याची खूण. सप्टेंबर २०२३ मध्ये पाणी चाळीस फुटांच्या घरात गेलं होतं. ते दिवस मला आठवतात, कारण त्याच पावसाने इंदूरला सप्टेंबरमधला जुना विक्रम मोडला होता आणि आमच्या गल्लीत पहिल्यांदा पाणी शिरलं होतं. फुरजा भागातल्या एका किराणा दुकानदाराने मला भिंतीवरची रेघ दाखवली, माझ्या डोक्याच्या वर. "पाणी दोन दिवसांत गेलं, बेन. चिखल काढायला मात्र आठवडे लागले," तो म्हणाला. त्याने फळीच्या मागच्या फटीतून नखाने थोडी माती उकरून हातावर ठेवली. काळी, बारीक, चिकट. मी ती ओळखली. एवढी धरणं असूनही महापूर माती आणतोच. धरणाखालच्या उपनद्या, खचलेले काठ, पात्रात आधी साचलेला गाळ, सगळं एका आठवड्यात खाली येतं.

भरूच म्हणजे जुनं भृगुकच्छ, ग्रीकांचं बारिगाझा. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्र ते हिंदुस्थान या सागरी वाटेवर लिहिलेला ग्रंथ ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखला जातो. त्यात या खाडीचं वर्णन अशा माणसाचं आहे ज्याचा इथे जीव घाबरा झाला असावा. ओहोटीला समुद्र तळ दाखवतो, जहाजं चिखलात कलंडतात, भरती आवाज करत भिंतीसारखी येते, आणि म्हणून राजाने नेमलेले स्थानिक कोळी परदेशी जहाजांना पुढे होऊन खाडीत आणतात, हे सगळं त्यात आहे. आणि त्याच ग्रंथात उज्जैनहून या बंदरावर अकीक आणि तलम कापड येत असल्याचंही लिहिलं आहे. माळव्याचा माल आणि माळव्याची माती दोन हजार वर्षांपूर्वीही एकाच बंदराला येत होती. पुढे शिंद्यांकडे १७८३ पासून वीस वर्षं हे शहर होतं, तेव्हा तर ग्वाल्हेर-उज्जैनचा कारभार थेट या खाडीला येऊन टेकला होता.

आता गाळाचं कोडं. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. खंभातच्या आखातात तो देशात सर्वांत जास्त. भावनगरकडे दहा मीटरच्या वर जातो. आखाताचा आकार नरसाळ्याचा आहे. रुंद तोंडातून शिरलेलं पाणी अरुंद आणि उथळ होत जाणाऱ्या जागेत चढत जातं. नदीने टाकलेल्या गाळाचा पंखा करायला शांत पाणी लागतं, किंवा गाळच इतका लागतो की समुद्राला आवरत नाही. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला शंभर कोटी टनांच्या आसपास गाळ आणतात. तिथेही भरती आहे, पण नद्यांचा हात वर राहतो. नर्मदेच्या मुखाशी दिवसातून दोनदा येणारी भरती नदीने टाकलेलं पुन्हा उचलते, लांबट पट्ट्यांत ओढते, आणि नदीच्या दिशेने पसरलेली बेटं करते. पुस्तकातला त्रिकोण इथे का नाही, याचं उत्तर त्या पट्ट्यांत आहे.

पावसाळ्यात हा तोल चार महिने उलटतो. पूर असतो तेव्हा गोडं पाणी खाऱ्याला खाडीबाहेर ढकलतं. मिठाची आणि मातीची भेट मग आखातात, मोकळ्या समुद्राच्या बाजूला होते. नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या लाटा तळही ढवळत असतात. त्या दिवसांतली उपग्रहाची छायाचित्रं पाहिली तर आखातातून निघालेला तपकिरी पट्टा किनाऱ्याला धरून दिसतो. त्यातला काही भाग दक्षिणेकडे सरकतो. दमणपासून मुंबईच्या पुढपर्यंत किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर जी चिकणमाती आहे, तिच्यात फुगणाऱ्या काळ्या मातीचीच जात जास्त आढळते. ती दख्खनच्या पाषाणातून आली, आणि तिच्यात नर्मदा-तापीचाही वाटा आहे. गणपती विसर्जन होतं तेव्हा मुंबईच्या समुद्राला जो मातकट रंग असतो त्यात निमाडाचा अंश असेल, हे मला आता अशक्य वाटत नाही.

पूर ओसरला की उलट. नदीचा जोर संपतो, भरती आत शिरते. ती येते वेगाने आणि कमी वेळात, परतते सावकाश. जोरात येताना जेवढं उचलून आणते तेवढं हळू जाताना परत नेववत नाही. म्हणून कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत समुद्रच नदीत गाळ भरत असतो. पुढच्या आषाढात पूर येऊन ते झाडून काढायचा. हे वर्षाचं झाडणं आता अनियमित झालं आहे. धरणातून खाली सोडलेलं पाणी कमी असतं त्या वर्षी खारेपण भरूचच्या वरच्या गावांपर्यंत चढतं, हे शुक्लतीर्थाच्या वाटेवर भेटलेल्या दोन शेतकऱ्यांनी मला वेगवेगळं सांगितलं.

विमलेश्वरला वन्सं भेटल्या. हांसोटच्या पुढे, दक्षिण तटावरचं शेवटचं ठाणं. आश्रमाच्या अंगणात महाराष्ट्रातले परिक्रमावासी दाटीने बसले होते. सोलापूर, डोंबिवली, नगर, सगळ्या बोली ऐकू येत होत्या. नाव कधी सुटणार हे कोणाला घड्याळात विचारून कळत नाही, ते भरतीवर ठरतं. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. आमची पाळी पहाटे तीनला आली.

बॅटरीच्या उजेडात चिखलातून चालत गेलो. चिखल पोटरीपर्यंत, थंड, आणि पाय काढताना चोखल्यासारखा आवाज करणारा. पौर्णिमा होऊन एक दिवस झाला होता, उधाण जोरात होतं. पाणी आलेलं आम्हाला दिसलं नाही, आधी ऐकू आलं. दुरून पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज. मग कलंडून पडलेली नाव हळूच सरळ झाली, आणि दहा मिनिटांत जिथे आम्ही उभे होतो तिथे कमरेएवढं पाणी होतं. नावाड्याने नारळ वाहिला. "रेवामाई की जय" झाली. इंजिन सुरू झालं.

उजाडायला लागलं तेव्हा चारही बाजूंना किनारा नव्हता. पाणी तपकिरी. पूर जाऊन दोन महिने झाले होते, वरची नदी काचेसारखी होती, आणि इथे मात्र तोच महेश्वरचा ऑगस्टमधला रंग. मी नावाड्याला विचारलं, हा गढूळपणा कुठला? तो हसला नाही, गंभीरपणे म्हणाला, "बेन, इथे समुद्र कधी स्वच्छ असतच नाही. भांगाच्या दिवसांत जरा निवळतो, उधाणाला पुन्हा फिरतो." मी बाटली भरून घेतली. अर्ध्या तासात तिच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा मऊ थर बसला, वर नितळ पाणी. मीठ टाकायची गरजच नव्हती.

लांबवर एक सपाट, करडी रेषा दिसत होती. अलियाबेट. देशातलं समुद्रातलं तेलासाठीचं खोदकाम १९७० साली ओएनजीसीने इथून सुरू केलं, तेव्हा ते खरोखर बेट होतं. आता दक्षिणेचा प्रवाह गाळाने भरत जाऊन ते जमिनीला जवळपास जोडलं गेलं आहे. तिथे फकिराणी जत समाजाची माणसं उंट पाळून राहतात. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांच्यासाठी जहाजाच्या कंटेनरमध्ये मतदान केंद्र उभं केलं होतं, कारण तिथे पक्की इमारत नव्हती. नर्मदेच्या मुखाशी गाळ साचत नाही असं म्हणणाऱ्याने या माणसांचं घर पाहावं. ते आमच्या मातीवर राहतात.

नावाडी आणखी एका गोष्टीबद्दल बोलत राहिला. वरच्या बाजूला, भाडभूतला, खाडीवर दरवाज्यांचा लांब बंधारा बांधला जातो आहे. खारं पाणी वर जाऊ नये आणि गोड्या पाण्याचा तलाव व्हावा हा त्याचा हेतू. पावसाळ्यात हिल्सा मासा अंडी घालायला समुद्रातून गोड्या पाण्यात चढतो, त्यावर इथल्या मच्छीमारांचं वर्ष चालतं, आणि त्यांचा बंधाऱ्याला विरोध आहे. शेतकऱ्यांना खारेपणापासून सुटका हवी आहे, ती मागणीही खरी. मला माझ्या बाटलीकडे पाहून दुसराच प्रश्न पडला. भरती रोज दोनदा एवढी माती घेऊन वर जाते. पुढे भिंत आली की ते पाणी थबकेल, आणि थबकलेलं पाणी काय करतं ते मी पाहिलं होतं. तो गाळ बंधाऱ्याच्या समुद्राकडच्या बाजूला बसेल, आणि त्याला झाडून काढायला पूर किती वेळा सोडले जातील हे आता ढगांवर ठरणार नाही. नाईलवर आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पुरं झालं, त्यानंतर तिच्या मुखाशी असलेलं रशीदचं टोक समुद्राने खाल्लं. तिथे माती कमी पडली. इथे माती आहे, ती हलवणारा पूर कमी पडेल. दोन्हीकडे नदी आणि समुद्र यांचा जुना व्यवहार मधल्या मध्ये कोणीतरी तोडला आहे.

साडेसातच्या सुमारास उत्तर तटाला लागलो. पलीकडे दहेजच्या टाक्या आणि जेट्टीला लागलेली मोठी जहाजं धुक्यात दिसत होती. पाणी उतरायला लागलं होतं आणि उघड्या पडलेल्या चिखलावर डोळे वर काढून मासे उड्या मारत होते. कोकणात यांना निवटी म्हणतात, इथे लेवटा. एका हाताच्या अंतरावरून मी एक पाहिला. तो चिखलाची वरची चकचकीत साय खात होता, डोकं डावीउजवीकडे हलवत, आणि त्याच्या मागे चिखलावर नांगरल्यासारखी बारीक रेघ उमटत होती.

मीठी तलाईला खाऱ्या समुद्राच्या शेजारी गोड्या पाण्याचं कुंड आहे. परिक्रमावासी तिथे नदी आणि समुद्राचा संगम झाला असं मानतात. वन्संनी ओंकारेश्वरहून भरून आणलेली कुपी नावेतच अर्धी समुद्रात ओतली होती आणि समुद्राच्या पाण्याने पुन्हा भरली होती, रिवाज आहे तसा. आता ती कुपी त्यांना अमरकंटकला न्यायची होती. धर्मशाळेच्या ओट्यावर त्यांनी ती उन्हात ठेवली आणि त्या स्नानाला गेल्या. मी बसून पाहत राहिले. ओंकारेश्वरचं नितळ पाणी आणि समुद्राचं गढूळ पाणी आत मिसळत होतं, पुंजके तयार होत होते. वन्सं केस पुसत परत आल्या तोवर वरचं पाणी स्वच्छ झालं होतं आणि तळाशी केसाएवढा काळा थर बसला होता.

मी कुपी जरा तिरकी करून पाहायला हात पुढे केला.

"अगं, हलवू नकोस," वन्सं म्हणाल्या. "आत्ताच बसलंय."